तोंडाला पाणी का सुटते ?

चिंच हा शब्द नुसता उच्चारा, तोंडाला पाणी सुटते. जवळ चिंच नसते, वासही नसतो. ज्याने जन्मात चिंच चाखली नाही, त्याला मात्र काही होत नाही. म्हणजे हे पाणी उपजत नव्हे, शिकलेले आहे.

या शिकलेल्या क्रियेचा कसून अभ्यास रशियात इव्हान पाव्हलॉव्ह (१८४९-१९३६) यांनी केला. हे धर्मोपदेशकाचे चिरंजीव. आरंभीचे शिक्षणही धर्मपाठशाळेतच झाले. पचनक्रियेच्या संशोधनाबद्दल १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याच्या गालाला नळी बसवून ते लाळेचे थेंब मोजीत. आधी एक ठराविक आवाज, लगेच अन्न, असे वारंवार केले, की पुढे नुसत्या आवाजानेच लाळ येई. लोक घंटेचीच गोष्ट सांगतात. ते टिकटिकणारे तालयंत्र नि दिवेही वापरीत.

'पाव्हलॉव्हचा कुत्रा' हा आता बोलण्यात टोमणाच झाला आहे. विचार न करता वागतो तो, असा अर्थ. आम्हांस तो अर्धवट वाटतो. मूळ रशियन शब्दाचा अर्थ 'अटीवर अवलंबून' असा. इंग्रजीत जाताना तो 'घडवून पक्का केलेला' असा झाला. अट मोडली की क्रिया ढिली पडते. आवाज झाला, अन्न आले नाही, असे पुन्हा पुन्हा घडले म्हणजे लाळ थांबते. पण पुसली जात नाही ! काही वेळ जाऊ देऊन तोच आवाज केला, की ती परत येते. थोडी, पण येते.

माळ घातल्यावर तंबाखू सोडलेले वारकरी दिंडीत पुष्कळ असतात. मुक्कामाला जेवण होते, शेजारी कुणी चंची सोडतो, चुना मळल्याचा वास येतो, अन् यांच्या तोंडाला पाणी ! मग बिचारे कष्टी होऊन विचारतात, "माउली, माझी माळ खोटी काय हो ?"

खोटी कशाने ? मनाला विचारण्याआधीच लाळ आली. जेवण, विसावा, तो वास, ही जुनी घंटा वाजली इतकेच. हात पुढे करणे ही निराळी गोष्ट. हात आवरला तर पाणी ओसरते, आणि खेपेगणिक लवकर ओसरते. उलट एक चिमूट तोंडात गेली, की जुनी जोड झटकन पुन्हा पक्की होते. म्हणून नव्या माळकऱ्याने जेवणानंतर चंचीवाल्यांच्या घोळक्यात बसू नये. विणेकऱ्याजवळ जाऊन बसावे. त्या वेळेला खिशात बडीशेप ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत.