काळ्या दोऱ्यापासून हिरव्या कापडापर्यंत

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीद हे आमचे गाव आहे. पांढऱ्या वाळूचा किनारा, त्याला लागून सुरूचे बन आणि मागे फणसाडच्या जंगलाचे डोंगर, एवढीच त्याची ओळख. मुंबई फार दूर नसल्यामुळे चित्रपटांचे व जाहिरातींचे चित्रीकरण आमच्याकडे अधूनमधून होत असते. मी सातवीत असताना असेच एक युनिट आले. त्यांनी वाळूत बांबू रोवून एक भलेमोठे हिरवे कापड ताणले आणि त्याच्यासमोर नटाला दिवसभर पळवले. आम्ही सारा गाव बघायला. "एवढा निळा समुद्र सोडून ह्या हिरव्या चादरीचं काय काढतायत?" असे माझी आजी सारखी विचारत होती. त्याचे उत्तर आम्हां कोणालाच देता आले नाही.

वर्षभराने तो चित्रपट आला. आम्ही घरची मंडळी तो पाहायला मुद्दाम अलिबागला गेलो. ज्या जागी हिरवे कापड होते तेथे पडद्यावर एक बुरूज उभा होता आणि किनाऱ्यावर काळे कातळ पसरले होते. समुद्र तेवढा आमचा होता. आजी अंधारात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आपली सुरूची झाडं कुठं गेली गं?"

प्रस्तुत लेखाचे मूळ आजीच्या या प्रश्नात आहे. तिला उत्तर द्यायचे म्हणून चित्रपटांतील युक्तिदृश्यांविषयी मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवते.

जादूगाराचा मोकळेपणा

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे स्वतः जादूचे प्रयोग करीत असत. आपल्या आडनावातील अक्षरांची उलटापालट करून त्यांनी 'प्रोफेसर केल्फा' असे नाव घेतले होते. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी प्रथम एका कुंडीत रोप लावले आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडेथोडे चित्रण केले. पडद्यावर ते रोप एक-दोन मिनिटांत वाढताना दिसले. 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट म्हणजे आपल्याकडील पहिले युक्तिदृश्य म्हणायला हरकत नाही. त्यात खोटे काहीच नव्हते. रोप खरेच वाढले होते, फक्त मधला काळ गाळलेला होता.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यानंतर 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) या मूकपटांतून हनुमान उडाला आणि बाळकृष्णाने कालियाचे दमन केले. ही किमया कशी होत असे ते थोडक्यात सांगते. फिल्म ही प्रकाश पडला की बदलणारी वस्तू आहे. चित्राचा काही भाग काळा ठेवला, तर तेथून प्रकाश येत नाही व तेवढी फिल्म कोरी राहते. मग तीच फिल्म मागे गुंडाळायची आणि कोऱ्या जागेत दुसरे चित्र घ्यायचे. दोन वेळी, दोन ठिकाणी घेतलेली चित्रे एकाच चौकटीत येतात आणि पाहणाऱ्याला ती एका वेळची वाटतात. सगळ्या युक्तिदृश्यांचे बीज एवढेच आहे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस हा जादूगारही याच वाटेने गेला. त्याचा चंद्रप्रवासाचा मूकपट १९०२ सालचा.

परंतु फाळक्यांची मला सर्वांत भावलेली गोष्ट निराळी आहे. 'कालिया मर्दन'च्या आरंभी त्यांची लहान मुलगी मंदाकिनी प्रथम साध्या रूपात दिसते, निरनिराळे भाव करून दाखवते आणि मग हळूहळू तीच कृष्ण होते. म्हणजे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकले की ही माझी मुलगी, आता हिला कृष्ण समजा. १९१७ साली तर त्यांनी चित्रपट कसे तयार होतात यावरच एक लघुपट काढला. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवावी असा हा प्रकार. तरीसुद्धा पडद्यावर देव दिसताच लोक हात जोडत. युक्ती ठाऊक झाली म्हणून भाव कमी झाला नाही.

प्रभात आणि काळा दोरा

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' (१९३६) हा तिचा कळस होय. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शेवटी तुकोबा वैकुंठास जातात ते दृश्य आज पाहिले तर त्यातील जोड आपल्याला कळतो. तरी आजीच्या पिढीने ते पाहताना डोळे पुसले. कारण विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि मागे राहिलेली गौरीची जिजाई ही माणसे खरी वाटत होती. चमत्कार त्या खरेपणावर उभा होता.

मुंबईत याच सुमारास 'ख्वाब की दुनिया' (१९३७) हा अदृश्य माणसाचा बोलपट आला. त्यात बाबुभाई मिस्त्री यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवल्या. तेव्हापासून चित्रपटसृष्टीत त्यांना 'काला धागा' असेच नाव पडले! पुढे पन्नास वर्षांनी, १९८७ साली, 'मिस्टर इंडिया'त अदृश्य नायक पुन्हा आला आणि त्याची युक्तिदृश्ये पीटर परेरा यांनी केली. तोवर आपल्याकडे हे काम कॅमेरा, फिल्म आणि हात यांवरच चालत होते. दोन फिल्मा एकत्र करायच्या तर त्यांचे पुन्हा छायाचित्रण करावे लागे आणि दर वेळी चित्र थोडे मळकट होई. म्हणून जोड कोठेतरी दिसेच.

संगणकाने काय बदलले?

अमेरिकेत १९७३ सालच्या 'वेस्टवर्ल्ड'मध्ये यंत्रमानवाला जग कसे दिसते हे दाखवण्यासाठी प्रथम संगणकाची मदत घेतली गेली. १९८२ च्या 'ट्रॉन'मध्ये काही मिनिटांची दृश्ये संपूर्णपणे संगणकाने काढली. १९९३ च्या 'ज्युरासिक पार्क'ने मात्र जगाचे डोळे विस्फारले. गंमत अशी की, त्यातील संगणकाचे डायनोसॉर मोजकीच मिनिटे दिसतात. बाकीचे यांत्रिक पुतळे आहेत. दोन्ही इतके बेमालूम मिसळले की कोणते कोणते हे ओळखता येईना.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. संगणकाला चित्र म्हणजे ठिपक्यांचा पट असतो. चित्रपटगृहातील साध्या डिजिटल प्रतीत एका चौकटीत सुमारे २२ लाख ठिपके असतात आणि सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५ कोटी ३० लाख ठिपके. प्रत्येक ठिपका ही एक संख्या आहे. संख्येची नक्कल कितीही वेळा केली तरी ती मळत नाही. म्हणून जोड नाहीसा झाला.

आता आजीच्या हिरव्या चादरीचे कोडे सुटते. संगणक प्रत्येक ठिपक्याला विचारतो, 'तू हिरवा आहेस का?' असेल तर ती जागा रिकामी धरतो आणि तेथे दुसरे चित्र बसवतो. हिरवाच रंग का? माणसाच्या कातडीत तो नसतो, आणि डिजिटल कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंपैकी साधारण निम्मे हिरव्यासाठी असल्याने तो स्वच्छ वेगळा काढता येतो. म्हणजे फाळक्यांच्या वेळची काळी जागा आज हिरवी झाली, इतकेच.

मात्र सुरूची झाडे अशी आपोआप जात नाहीत. ती कापडाच्या बाहेर होती. त्यांच्यापुढून पळणाऱ्या नटाची बाह्यरेषा कोणीतरी प्रत्येक चौकटीत हाताने आखून घेतली असणार. पाच सेकंदांच्या दृश्याला १२० चौकटी. माझा मामेभाऊ मुंबईत हेच काम करतो. जगातल्या मोठमोठ्या चित्रपटांचे असे काम आज भारतात होते. तो रात्रपाळीला बसून केसांच्या कडा आणि बोटांमधल्या फटी आखत असतो. त्याचे नाव श्रेयनामावलीत अजून एकदाही आलेले नाही. त्याचे बोलणे ऐकताना मला सरस्वतीबाई फाळके आठवतात. कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रे पाडणाऱ्या त्या बाईंचे नावही कित्येक वर्षे कोणी घेत नव्हते. 'संगणकाने केले' असे आपण सहज म्हणतो. करणारा हात असतोच.

पुसलेली झाडे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. दुपारी दोन-तीन तासांत आमच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर गेलो, तर सुरूचे बन जागोजागी झोपले होते. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या शिनेमावाल्यांनी पुसली, ती परत दिसली. ही काय परत दिसत नाहीत."

नुकसानीची माहिती लिहून देताना वडिलांना किनारा पूर्वी कसा होता याचे एखादे चांगले चित्र हवे होते. घरात लग्नामुंजींचे फोटो निघाले. त्यात माणसे पुढे आणि झाडे नुसती हिरवी सावली. तेव्हा मला तो चित्रपट आठवला. आमचा किनारा लाखो लोकांनी पाहिला तो त्यातच, उत्तम कॅमेऱ्याने टिपलेला. पण त्यात नेमकी झाडेच नव्हती! तेथे आहे तो कधी नसलेला बुरूज आणि कोठून तरी आणलेले कातळ. शंभर वर्षांनी कोणी तो पाहिला, तर काशीद असेच होते असे त्याला वाटेल.

यात त्या चित्रपटवाल्यांचा मी दोष मानत नाही. त्यांना गोष्ट सांगायची होती, आणि गोष्टीला बुरूज हवा होता. फाळक्यांनीही नाशिकच्या परिसरात अयोध्या आणि लंका उभी केलीच. प्रश्न आहे तो जोड न दिसण्याचा. पूर्वी युक्तीची खूण चित्रातच राहत असे, त्यामुळे पाहणारा सावध असे आणि तरीही रमत असे. आज ती खूण उरलेली नाही. आता तर नुसते वाक्य लिहिले की संगणक चित्र काढून देतो. समुद्रावर जाऊन उभे राहण्याचीही गरज नाही. मग काय खरे होते हे सांगण्याचे काम चित्राकडून आपल्याकडे येते.

फाळक्यांनी चमत्कार दाखवला आणि तो कसा केला हेही दाखवले. ही दुहेरी शिस्त आपण उचलावी, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्या गावाचा किनारा, बाजार, बंदर जसे आहे तसे, काहीही न पुसता, वर्षातून एकदा टिपून तारीख लिहून ठेवावे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्यासाठी एक कप्पा मिळाला तर फारच चांगले.

काशीदला नवी सुरूची रोपे लावली आहेत. मी त्यांचे चित्रण सुरू केले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच जागेवरून, थोडेसे. आजी शेजारी उभी राहून विचारते, "ह्यात चादर नाही ना लावलीस?" मी नाही म्हणते. मग ती पदर सारखा करून रोपांच्या बाजूला उभी राहते.