साथीत दोन घरं सांभाळ

साथ आली की सगळ्या जगाची काळजी करत बसू नकोस. दोन घरं सांभाळ: एक आपलं, एक शेजारचं. सिव्हिल हॉस्पिटलातल्या नर्सच्या नोकरीत मी गॅस्ट्रोच्या, काविळीच्या, डेंगीच्या साथी पाहिल्या, 2009चा स्वाइन फ्लू पाहिला, निवृत्त झाल्यावर कोरोना पाहिला. दर वेळी तगले ते लोक, ज्यांना आपल्या दारापलीकडचं एक दार माहीत होतं. तू आता हडपसरला नवा फ्लॅट घेतलायस, म्हणून हे सांगतेय. पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण तयारी आजपासून करता येते.

आधी आपलं घर. एक शंभर पानी वही आण. पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, रक्तगट, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आणि डॉक्टरांचा नंबर लिही. मोबाइलमध्ये आहे म्हणू नकोस. तापाने फणफणलेल्या माणसाला स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवत नाही, आणि शेजाऱ्याला तो ठाऊक नसतो. कुणी आजारी पडलं की त्याच वहीत ताप किती, ऑक्सिजन किती, कुठली गोळी किती वाजता दिली, लघवी झाली का, हे वेळ घालून लिहीत जा. डॉक्टरांना फोनवर 'खूप ताप आहे हो' सांगण्यापेक्षा 'काल रात्रीपासून तीनदा 102च्या वर गेला' असं सांगितलंस तर ते दोन मिनिटांत निर्णय घेतात. साथीत डॉक्टरांकडे दोनच मिनिटं असतात.

बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घरात असू देत. क्षयाचं औषध चालू असेल तर कितीही साथ असो, एकही डोस चुकता कामा नये. लहान मुलांच्या नेहमीच्या लसीही पुढे ढकलू नयेत, नाहीतर एक साथ ओसरताना गोवर डोकं वर काढतो.

ऑक्सिमीटर सगळ्यांनी विकत घेतले, पण ते नीट लावायला कमी जणांना येतं. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. बोट गार असेल तर चोळून ऊब आणायची, नेलपेंट पुसायचं, मेंदीचं बोट टाळायचं. आकडा नाचायचा थांबला की मगच लिहायचा. 94च्या खाली गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना फोन. आकडा बरा असेल पण शंका वाटत असेल तर खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालवायचं. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरे. चालून आल्यावर आकडा तीनहून जास्त उतरला, किंवा धाप लागली, तर घरी थांबण्यात अर्थ नाही. ज्याला बसल्या जागी धाप लागतेय किंवा दमा आहे, त्याला मात्र चालवायचंच नाही. बेड मिळेपर्यंत रुग्णाला पालथं झोपव, छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशी दे. जेवणानंतर तासभर नको, आणि पोटुशी बाईला तर नकोच.

स्टिरॉइडची गोळी कुणाच्या चिठ्ठीवरून उसनी आणून देऊ नकोस. 2021 साली काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे आणि जबडे नेले! त्यातले कितीतरी मधुमेही होते, आणि शुगरकडे लक्ष न देता स्टिरॉइड घेतलेले. रेमडेसिवीर इंजेक्शनचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020मध्येच दवाखान्यातल्या कोविड रुग्णांना ते देऊ नका असं सुचवलं होतं, तरी पुढच्या एप्रिलमध्ये माणसं दागिने मोडून त्याच्यासाठी गावभर पळत होती. त्या पळापळीत रुग्णाजवळ बसायला घरात कुणी उरत नसे. पळण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचा: हे मिळालं नाही तर काय बिघडेल?

कोरोनात भाजी साबणाने धुण्यात लोकांनी उन्हाळा घालवला आणि खिडक्या मात्र गच्च लावून बसले. उलट कर. श्वासातून पसरणाऱ्या आजारात हवा खेळती ठेवणं फार मोठं काम करतं. समोरासमोरच्या खिडक्या उघड, रुग्णाच्या खोलीत टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेव, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. मास्क नाकावर घट्ट बसला पाहिजे, हनुवटीवर नव्हे. सेवा करणारं माणूस एकच ठेव, धडधाकट आणि शक्यतो तरुण. प्रेमापोटी सगळं घर रुग्णाभोवती गोळा होतं आणि आठवड्यात सगळं घर अंथरूण धरतं.

साथ पोटाची असेल तर गणित वेगळं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. घोट घोट पाजत राहायचं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. 1971च्या युद्धकाळात बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच पाणी ड्रमांत भरून ठेवलं. पाजायला बहुतेक नातेवाईकच होते. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. नर्सच्या तोंडून ऐक, न शिकलेल्या हातांनी त्या छावणीत जे केलं ते आमच्या कित्येक वॉर्डांना जमलेलं नाही.

आता दुसरं घर. 'काही लागलं तर सांगा हं' हे वाक्य तोंडातून काढू नकोस. कुणी सांगत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना तर संकोच मारून टाकतो. त्याऐवजी म्हण, 'काकू, सकाळी दहाला दूध आणायला निघालेय, तुमच्यासाठी किती आणू आणि गोळ्या कुठल्या संपल्यात?' रोज ठरल्या वेळी एक फोन कर. दोनदा उचलला नाही तर दार वाजव. डबा द्यायचा तर मऊ खिचडी, भाताची पेज, वरण. तिखटाचा मारा नको. बाहेर स्टुलावर ठेवून लांब उभं राहायचं, त्यांनी घेतला की दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्द डब्याइतकेच लागतात. स्टीलचा डबा साबणाने घासला की झालं, त्याची भीती नको. कामाला येणाऱ्या मावशींना सुट्टी द्यावी लागली तर पगार पूर्ण दे. त्यांच्या घरची चूल बंद पडली तर त्या ताप लपवून चार घरची भांडी घासायला जातील, आणि मग तुझी खिडकी-मास्क सगळं फुकट.

बेडचा, ऑक्सिजनचा, रक्ताचा मेसेज आला तर आधी स्वतः फोन लाव. उचलला, खरं निघालं, तरच वेळ लिहून पुढे पाठव. नाहीतर एखादा मुलगा बापाला गाडीत बसवून चाळीस बंद नंबर फिरवत बसेल.

आणि कुणाला वाळीत टाकू देऊ नकोस. 2020मध्ये कोविड वॉर्डात ड्यूटी करून आलेल्या नर्सना काही सोसायट्यांनी गेटवर अडवलं, घर सोडा म्हणून सांगितलं. याच नर्सांसाठी टाळ्या वाजवणारे हात तेच होते. आजाऱ्याला गुन्हेगार केलं की माणसं आजार लपवतात, हे पुण्याने 1897च्या प्लेगमध्येच पाहिलंय. इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोजीर घराघरांत शिरून माणसं ओढून न्यायचे, म्हणून लोक रुग्ण माळ्यावर दडवत. तू राहतेस त्याच हडपसरच्या बाजूला त्याच वर्षी सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी पोराला सावित्रीबाई पाठीवर घेऊन आल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897ला त्या गेल्या. तू पाठीवर कुणाला घेऊ नकोस, मास्क लाव आणि अंतर ठेव. पण कमिटीपासून लोक आपलं माणूस लपवत होते आणि या दवाखान्यात त्याला पाठीवरून आणणारी बाई होती, हा फरक लक्षात असू दे.

कुणी गेलंच, तर तेराव्यानंतर फोन करत राहा. तेव्हा घर रिकामं होतं, आणि मृत्यूचा दाखला, बँक, विमा हे सगळं त्या एकट्या बाईच्या अंगावर येतं. कागदांच्या रांगेत तिच्यासोबत उभं राहणं हीसुद्धा सेवाच आहे. बऱ्या झालेल्यालाही आठवडे अशक्तपणा राहतो. त्याला 'आता काय झालंय तुला' म्हणू नकोस.

तुझ्या मजल्यावर कोण एकटं राहतं, ते तुला माहीत आहे का? नसेल तर आज संध्याकाळी बेल वाजव, नाव विचार आणि नंबर घेऊन ये.