हरितसृष्टीचे गणित आणि त्याची कसोटी

वनस्पती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड व जमिनीतील पाणी यांपासून अन्न तयार करतात. या प्रक्रियेस प्रकाशसंश्लेषण म्हणतात, हे शालेय विद्यार्थ्यासही ठाऊक असते. परंतु सबंध पृथ्वीवरील वनस्पती वर्षभरात किती कार्बन शोषतात आणि हवामान बदलल्यावर किती शोषतील, हे प्रत्यक्ष मोजणे शक्य नाही. त्यासाठी संगणकीय प्रतिमानांचा आधार घ्यावा लागतो. पीकनियोजन, वनीकरण व हवामानबदलाचे धोरण यांत या प्रतिमानांचे आकडे आता वापरले जातात. ते कितपत विश्वसनीय आहेत हे कसे पारखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रतिमानाची घडण

आजच्या बहुतेक प्रतिमानांच्या मुळाशी फार्कर, फॉन केमरर व बेरी या शास्त्रज्ञांनी १९८० साली मांडलेली पानाची समीकरणे आहेत. प्रकाश, तापमान व कार्बन डाय-ऑक्साइड यांनुसार पानातील अन्ननिर्मितीचा वेग कसा बदलतो, हे त्यांवरून काढता येते. पानाच्या या हिशेबाला मातीतील ओलावा, नत्र, पर्णरंध्रांची उघडझाप व पानांची वाढ यांची जोड देऊन शेताचा, जंगलाचा आणि अखेर पृथ्वीचा हिशेब मांडला जातो.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. या वाढीचा लाभ सर्व पिकांना सारखा होत नाही. गहू, भात, सोयाबीन, कांदा व द्राक्षे यांचे प्रकाशसंश्लेषण तिच्यामुळे वाढू शकते. बाजरी, मका, नागली व ऊस ही पिके हा वायू पानातच एकवटून घेतात. त्यामुळे त्यांना प्रत्यक्ष लाभ थोडा होतो. मात्र पर्णरंध्रे काहीशी मिटल्याने अवर्षणात त्यांचे पाणी वाचते.

कसोटीची आवश्यकता

जगातील जमिनीवरील वनस्पती वर्षाला सुमारे १२३ अब्ज टन कार्बन शोषतात, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. २०२४ साली वेगळ्या पद्धतीने केलेल्या एका अभ्यासात तो सुमारे १५७ अब्ज टन आला. हा फरक ३४ अब्ज टनांचा आहे. खनिज इंधनांच्या ज्वलनातून वर्षाला बाहेर पडणारा कार्बन सुमारे १० अब्ज टन असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या अनिश्चिततेचे महत्त्व पटेल.

पहिली कसोटी : स्वतंत्र मोजमाप

नजर पैसेवारी आणि पीककापणी प्रयोग यांतील फरक पंचायत सदस्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. प्रतिमानाचा अंदाजही असाच प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहावा लागतो. त्यासाठी उंच मनोऱ्यांवर बसविलेली उपकरणे हवेच्या लहानमोठ्या भोवऱ्यांबरोबर वर-खाली जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड सतत नोंदवितात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने काझीरंगाच्या वनात व तामिळनाडूतील पिचावरमच्या खारफुटीत असे मनोरे उभारले आहेत. येथे एक दक्षता आवश्यक आहे. ज्या नोंदी वापरून प्रतिमान बेतले, त्याच नोंदींशी ते जुळले तर त्यात काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी कसोटी : उत्तराबरोबर कारणही

अमेरिकेतील ओक रिज येथे १९९८ पासून सुमारे एक तप खुल्या हवेतील झाडांना जादा कार्बन डाय-ऑक्साइड देण्यात आला. आरंभी वनाची उत्पादकता सुमारे २४ टक्क्यांनी वाढली. २००८ पर्यंत ही वाढ ९ टक्क्यांवर आली, कारण जमिनीतील नत्र अपुरे पडू लागले. ड्यूक येथील पाइनच्या वनात मात्र वाढ दहा वर्षे टिकून राहिली. पुढे ११ प्रतिमाने या दोन्ही प्रयोगांशी ताडण्यात आली. बहुतेकांनी सुरुवातीची वाढ बरोबर दाखविली, पण दोन्ही ठिकाणचा पुढील इतिहास एकालाही बरोबर दाखविता आला नाही. अल्पकाळ जुळलेले उत्तर दीर्घकाळाची हमी देत नाही, हा यातील बोध होय.

तिसरी कसोटी : स्थळ आणि ऋतू

या दृष्टीने नाशिक जिल्हा उद्बोधक आहे. जागतिक प्रतिमाने पृथ्वीची चौकोनांत विभागणी करतात. अर्ध्या अंशाच्या चौकोनाची बाजू सुमारे ५५ किलोमीटर असते. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सिन्नरच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यात तो ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. ही दोन्ही ठिकाणे एकाच चौकोनात येऊ शकतात. तेथे निघणारी सरासरी मग इगतपुरीच्या भातालाही लागू पडत नाही आणि सिन्नरच्या बाजरीलाही नाही.

ऋतूंचीही अशीच अडचण होते. पाऊस आला की पाने वाढतात आणि ओल सरली की झडतात, असे साधे प्रतिमान गृहीत धरते. निफाड व दिंडोरीच्या द्राक्षबागा मात्र एप्रिलच्या सुमारास खरड छाटणीने आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणीने उघड्या होतात. म्हणजे पावसाळा संपताना रानातील गवत हिरवे असते, तेव्हा बागेवर पाने नसतात. पुढे रान वाळते आणि बाग सिंचनावर बहरते. छाटणीची तारीख व कालव्याचे पाणी यांची माहिती नसलेले प्रतिमान वर्षाची बेरीज कदाचित बरोबर देईल, पण महिन्याचा हिशेब चुकवील.

हिरवेपणा म्हणजे उत्पादन नव्हे

उपग्रहांच्या नोंदींनुसार या शतकात भारतातील हिरवे आच्छादन वाढले असून त्यातील मोठा वाटा शेतीचा आहे. तथापि, मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की हिरवेपणा वाढूनही वनस्पतींची निव्वळ उत्पादकता त्या प्रमाणात वाढलेली नाही आणि वाढते तापमान हे त्याचे कारण आहे. उष्णतेमुळे वनस्पतींचा श्वसनावरील खर्च वाढतो. केवळ हिरवे क्षेत्र दाखवून कार्बन शोषणाचा किंवा उत्पन्नाचा दावा कोणी केला, तर तो तपासूनच स्वीकारणे इष्ट ठरेल.

स्थानिक नोंदींचे मोल

प्रतिमानाची चूक संगणकापेक्षा शेतातच लवकर कळते. यासाठी गावपातळीवरील नोंदी मोलाच्या आहेत. पेरणीचा व छाटणीचा दिनांक, पाण्याच्या पाळ्या, पीककापणीचे निष्कर्ष आणि महाराष्ट्रात २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतील नोंदी अचूक असतील, तर त्यांच्या आधारे प्रतिमान तपासता व सुधारता येते. शाळांनी पर्जन्यमापकाची वही नियमित ठेवल्यास विद्यार्थ्यांना विज्ञानाचा पाठ मिळेल आणि गावालाही विश्वसनीय आधार लाभेल.

हवामानबदलाविषयीचा एखादा अंदाज समोर आला म्हणजे तीन प्रश्न अवश्य विचारावेत : तो कोणत्या स्वतंत्र मोजमापाशी ताडला आहे? त्यात पाणी, नत्र व उष्णता यांचा विचार आहे काय? आणि आपला तालुका, आपले पीक व आपला हंगाम त्यात ओळखू येतो काय? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच त्या अंदाजावर गावाचे पाणी व पैसा खर्च करणे योग्य होईल.