शिबिरातील डोकेदुखी: पाहायची कधी, सांगायची कधी



पूज्य गुरुजी सत्यनारायण गोयन्का विपश्यनेकडे वळले ते डोकेदुखीमुळे, हे आपण अनेकदा ऐकले आहे. ब्रह्मदेशातील हे तरुण उद्योजक अर्धशिशीने इतके बेजार होते की त्यांना मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. त्याचेच व्यसन जडेल अशी भीती निर्माण झाली होती. परदेशातील उपचारांनीही गुण आला नाही. 1955 मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले.

पुढचा भाग आपण सांगताना घाईने ओलांडतो. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलो आहे, असे म्हटल्यावर सयाजींनी त्यांना शिबिरात घेण्यास नकार दिला. धम्म मनाच्या शुद्धीसाठी आहे. शारीरिक दुखण्यावरचे औषध म्हणून तो मागणे म्हणजे त्याचे मोल कमी करणे, असे त्यांचे म्हणणे होते. हेतू बदलल्यावरच प्रवेश मिळाला. डोकेदुखी पुढे गेली, पण ती साधनेसोबत आपोआप मिळालेले फळ म्हणून.

लखनौजवळ बख्शी का तालाब येथे, अस्ती रस्त्यावर, धम्म लक्खण केंद्र आहे. मुंबईहून निघालेला साधक पुष्पक एक्सप्रेसने सुमारे चोवीस तास प्रवास करतो, अर्धवट झोपेत उतरतो आणि पुढे सीतापूर रस्त्याने वीसेक किलोमीटर जातो. मे-जूनमध्ये तिकडे लू वाहते. अशा वेळी पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोके धरले, तर त्यात गूढ काही नसते. पण कोणी म्हणते विकार बाहेर पडत आहेत, कोणी म्हणते साधना चांगली चालल्याची खूण आहे. दोन्ही समजुती माझ्या मते टाकून द्याव्यात. संस्कार वर येत असतीलही. पण आधी पाणी किती प्यालो ते पाहावे.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात ती त्याभोवतीची आवरणे, रक्तवाहिन्या, मानेचे व कपाळाचे स्नायू. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे वाटते ती बहुधा ताणाची डोकेदुखी. आनापानाच्या पहिल्या तीन दिवसांत ती हमखास भेटते, कारण नाकपुड्यांजवळचा श्वास जाणण्याऐवजी काही जण मिटल्या डोळ्यांनी तिकडे बघूच लागतात. भुवया आक्रसतात, मान पुढे येते. श्वास जाणायचा असतो, डोळ्यांनी शोधायचा नसतो. कपाळ आणि जबडा सैल सोडला की बऱ्याचदा तेवढ्यानेच उतार पडतो.

अर्धशिशी वेगळी. ती बहुधा एका बाजूला ठणकते, हालचालीने वाढते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो. उपचार न केल्यास ती 4 ते 72 तास राहू शकते. तिकडच्या सेवकांना ‘अधकपारी’ म्हटले की लगेच कळते. जागरण, उपाशी पोट, ऊन ही तिची नेहमीची निमित्ते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात शिरोरोगाची कारणे सांगताना रात्रीचे जागरण, दिवसाची झोप, वेग अडवणे, धूळ, धूर आणि ऊन ही नावे येतात. म्हणजे हे काही आजचे ज्ञान नाही. जुन्या साधकांना दुपारी बारानंतर जेवण नसते. पण प्रकृतीच्या कारणास्तव आचार्य या नियमातून सूट देऊ शकतात. ती मागण्यात कमीपणा नाही.

चहाचेही तसेच. घरी सहा कप पिणाऱ्याला केंद्रावर दोन मिळाले की 12 ते 24 तासांत डोके दुखू लागते आणि दुखणे दोन ते नऊ दिवस टिकू शकते. शिबिराच्या पंधरा दिवस आधीपासून कप कमी करत आणावेत.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याला वेदनेकडे समतेने पाहायला शिकवले जाते. चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठकी असतात. मग कोणी साधक धोक्याची डोकेदुखीही ‘अनित्य आहे’ म्हणत सोसत बसू शकतो. क्षणात शिगेला पोहोचलेली, आयुष्यात कधी न झालेली वेदना. ताप आणि आखडलेली मान. एका बाजूचा अशक्तपणा, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे. डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली. उन्हात अंग तापून भान हरपणे. यांपैकी काहीही झाले तर अधिष्ठान सोडून त्याच क्षणी उठावे आणि धम्मसेवकाला सांगावे. आर्यमौन सहसाधकांशी असते. प्रकृतीबद्दल धम्मसेवकांशी बोलण्याने ते भंगत नाही. रुग्णवाहिकेचा क्रमांक तेथेही 108 आहे, आणि लखनौ शहरात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचे मोठे रुग्णालय आहे.

गोळ्यांबद्दल एक सूचना. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, मिश्र घटकांची 10 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली तर गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. पण डॉक्टरांनी रोज घ्यायला दिलेले औषध शिबिरासाठी परस्पर बंद करू नये. ते पुरेसे सोबत न्यावे.

शिबिरात लिहायला परवानगी नसते, म्हणून निघण्यापूर्वीचा एक महिना घरी नोंद ठेवावी. जमाखर्चासारखीच: तारीख, किती तास दुखले, आदल्या रात्री झोप किती, जेवण केव्हा, गोळी कोणती. आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार सोपा जातो. इतरांनाही दोन-चार दिवसांत जमतो. तीच वही डॉक्टरांना दाखवावी आणि अर्जातील आजाराच्या रकान्यात ‘अर्धशिशी’ स्पष्ट लिहावे. अर्ज नाकारला जाईल या धास्तीने तो रकाना कोरा ठेवू नये.