चार बोटं बर्फ

गळ टाकून बसायचा नाद मला शाळेपासूनचा. हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या घरातून आम्ही पोरं पहाटे सायकली काढायचो आणि हिमायतसागर गाठायचो. 1908 साली मुसीला आलेल्या महापुरानंतर शहर वाचावं म्हणून दोन तलाव बांधले गेले, त्यातला हा 1927 सालचा. वडिलांनी एकच गोष्ट बजावली होती : पाणी चढताना दिसलं की सामान तिथेच टाकून वर यायचं. तिथला धोका डोळ्यांना दिसायचा. पाणी आपल्याला कळतं, ही माझी समजूत तिथेच पक्की झाली. तीच घेऊन मी पासष्टाव्या वर्षी कोलोरॅडोतल्या गोठलेल्या तलावावर उतरलो आणि छातीपर्यंत आत गेलो.

आमच्या भागातून दरवर्षी कितीतरी आईवडील मुलांकडे अमेरिकेला जातात. शक्यतो उन्हाळ्यात जातात, पण बाळंतपण हवामान बघून येत नाही. डेन्व्हर, शिकागो, मिनियापोलिस इथे जानेवारीत पोचणारेही खूप आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी पडलो तो इलेव्हन माइल हा जलाशय डेन्व्हरपासून दोन-अडीच तासांवर, समुद्रसपाटीपासून साधारण 8,600 फूट उंचीवर आहे. साउथ प्लॅट नदीवर 1932 साली धरण बांधून तो झाला. थंडीत लोक त्यावर तंबू ठोकतात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि खाली गळ सोडून ट्राउटची वाट बघतात. मुलाने रीतसर तयारी केली होती. काठापासून पहार आपटत, दर काही पावलांवर भोक पाडून मोजपट्टी घालत तो पुढे गेला. आम्ही बसलो तिथे आठ इंच काळा, नितळ बर्फ होता.

तासभर मासा लागेना. नदी जलाशयाला मिळते त्या बाजूला पावलांचे ठसे गेलेले दिसले. माणसं गेलीत म्हणजे बर्फ पक्का, असं मी धरून चाललो. मुलाला न सांगता हातगिरमिट घेऊन निघालो. वाटेत एक भोक पाडलं, हातमोजा काढून बोटं घातली : चार बोटं भरली. पायी चालायला चार इंच लागतात हे ऐकलं होतं, म्हणून निर्धास्त झालो. आपली चार बोटं म्हणजे जेमतेम तीन इंच होतात, हे मनात आलंच नाही. शिवाय त्यातला वरचा निम्मा थर दुधासारखा पांढरा होता. आणखी वीसेक पावलं गेलो असेन. तडकल्याचा आवाज नाही, काही नाही. पाय सरळ खाली गेले.

पहिल्या क्षणी पाण्याचा गारवा जाणवतच नाही. छाती आवळते आणि तोंड आपोआप उघडून श्वास आत ओढला जातो. तेव्हा डोकं पाण्याखाली असतं तर मी आज हे लिहीत नसतो. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून हा विषय शिकवत आले आहेत. त्यांचा हिशोब असा : श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे पहिलं मिनिट धडपड करायची नाही. कडेला धरून फक्त श्वास सावरायचा. मी नेमकं उलट केलं. समोरच्या कडेवर कोपर रेटत राहिलो आणि ती कड मोडत राहिली.

मुलगा लांबूनच पोटावर पालथा पडला आणि ओरडला, "बाबा, आलात तिकडे तोंड करा!" ज्या बर्फाने मघाशी आपलं वजन पेललं, तो मागेच असतो. निघताना सूनबाईंनी माझ्या गळ्यात दोन खिळेवाल्या लाकडी मुठी दोरीने अडकवल्या होत्या. त्या लोंबतात म्हणून मी कोटाच्या आत सारल्या होत्या. बधिर बोटांनी त्या बाहेर काढण्यात किती वेळ गेला, देव जाणे. खिळे बर्फात रोवले, पोहताना मारतो तसे पाय मारत अंग आडवं केलं आणि सरपटत वर आलो. उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं, हेही मुलगाच ओरडून सांगत होता. मग सामानाच्या घसरगाडीची दोरी त्याने फेकली.

या सगळ्यात मला अजून झोपू न देणारी गोष्ट वेगळी आहे. माझा नऊ वर्षांचा नातू "आबा!" म्हणत माझ्याकडे धावत सुटला होता. त्याच्या आईने झेप घेऊन त्याला बर्फावर पाडलं, म्हणून तो थांबला. आपल्या घरांमध्ये कोणी पडलं की सगळे धावतात. बर्फावर असं धावून गेलेला माणूसही आत जातो. 26 डिसेंबर 2022 रोजी ॲरिझोनातल्या वुड्स कॅन्यन लेकवर बर्फ फुटून तीन मोठी माणसं बुडाली. ती तिकडे स्थायिक झालेली, मूळची आपल्या शेजारच्या आंध्रातली. आमच्या गल्लीत कितीतरी दिवस तोच विषय होता, आणि तरीही मी पुढे गेलो होतो. निघण्याआधी घरात ठरवून ठेवा : कोणी पडलं तर बाकीचे जागच्या जागी थांबतील, एक जण 911 लावेल, दुसरा पालथा पडून दोरी, काठी, स्कार्फ, हाताला लागेल ते लांबून टाकेल.

ठशांबद्दल मला आज जे कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं. ठसे आठवड्यापूर्वीचेही असतात, आणि मधल्या उबदार दिवसांत खालचं सगळं बदलून गेलेलं असतं. हिम पडलं की ते बर्फावर रजईसारखं पसरतं आणि त्याची जाडी वाढू देत नाही. वजनाने बर्फ खाली दबतो, फटींतून पाणी वर येतं, ते हिमात मुरून गोठतं आणि पांढरा बर्फ तयार होतो. त्याची ताकद नितळ बर्फाच्या निम्मीच धरावी, म्हणजे चाराच्या जागी आठ इंच. जलाशयाचं आणखी एक असतं. धरणातून पाणी सोडलं की पातळी उतरते, काठाजवळचा बर्फ खालचा आधार जाऊन लोंबत राहतो आणि तडकतो. नदीच्या तोंडाशी वाहतं पाणी बर्फाला खालून खात असतं. पन्नास पावलांवर आठाचे तीन इंच होतात ते असे. बर्फाच्या गडगडाटाला मात्र फार घाबरू नका. जाड बर्फही ताणला गेला की रात्रभर गर्जतो. मी पडलो तिथे सारं शांत होतं.

बाहेर आल्यावर मी म्हणत होतो, हातपाय चोळा. सूनबाईंनी चोळू दिले नाहीत. थंडगार पडलेल्या माणसाला चोळू नये, चालवू नये, ब्रँडी देऊ नये. आडवं ठेवून ओले कपडे काढावेत, आधी छाती-पोट उबदार करावं, शुद्धीत असेल तर गरम गोड काहीतरी घोटघोट पाजावं. माझ्या अंगात आतून सुती बनियन होता. तो ओला होऊन अंगाला चिकटला आणि ऊब ओढत राहिला. आत लोकरीचे घाला.

आता डिसेंबर आला की आमच्या इमारतीत कुणाकडे तरी बॅगा भरणं सुरू असतं. मी खिळेवाल्या मुठींची एक जोडी घेऊन जातो, ती त्यांच्या गळ्यात कोटाच्या वरून घालून दाखवतो. मग त्यांना हात पुढे करायला सांगतो आणि त्यांच्या चार बोटांवर फूटपट्टी ठेवतो.