ऋतुनिहाय दोषप्रकोपाचा आलेख : ग्नूप्लॉटचा उपयोग

ग्रीष्मात संचित झालेला वात वर्षाऋतूत प्रकुपित होतो व शरदात शमतो, हे आपण सर्वजण अध्ययनकाळापासून जाणतो. परंतु पावसाळ्यात संधिगत वाताचे रुग्ण वाढतात हे विधान चर्चासत्रात मांडल्यावर 'किती वाढतात आणि केव्हापासून?' असा प्रश्न आला, की नुसत्या अनुभवावर भागत नाही. नोंदवहीतील अंकांचा आलेख काढण्याची एक विनामूल्य पद्धत येथे देत आहोत.

ग्नूप्लॉट ही संगणक-प्रणाली थॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी १९८६ मध्ये सिद्ध केली. हिच्यात आज्ञा टंकित कराव्या लागतात. प्रथम हे क्लिष्ट वाटते. परंतु आज्ञांची फाईल जपून ठेवली, की पुढील वर्षी तोच आलेख नव्या अंकांसह क्षणात तयार होतो.

नोटपॅडमध्ये प्रत्येक आठवड्यासाठी एक ओळ लिहावी : वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आठवड्याची पहिली तारीख, संधिगत वाताचे नवे रुग्ण व एकूण नवे रुग्ण. मध्ये रिकामी जागा सोडावी. रुग्णांची नावे लिहू नयेत. नंतर 'सेट एक्सडेटा टाइम' या आज्ञेने पहिला स्तंभ तारखांचा असल्याचे व 'सेट टाइमएफएमटी'ने तारखेची धाटणी सांगावी. शेवटी 'प्लॉट', अवतरणचिन्हांत फाईलचे नाव, आणि 'यूझिंग १:२ विथ लाइन्सपॉइंट्स'. आज्ञा व अंक अर्थातच इंग्रजी लिपीत टंकावेत. उभा अक्ष 'सेट वायरेंज'ने शून्यापासून सुरू करावा. अन्यथा वीसाचे चोवीस झाले तरी आलेखात डोंगर दिसतो.

खरी सावधगिरी पुढेच आहे. दिवाळीत चिकित्सालय आठवडाभर बंद असते आणि दिवाळी येते नेमकी शरदात. त्या आठवड्यापुढे शून्य लिहिले, तर रेषा एकदम खाली येते व वाताचे प्रशमन सिद्ध झाल्याचा भास होतो! अशा ठिकाणी शून्य न लिहिता एक ओळ पूर्ण रिकामी सोडावी. ग्नूप्लॉट तेथे रेषा तोडते. रुग्ण न येणे आणि वैद्य नसणे या भिन्न गोष्टी होत.

अनेक वर्षांची तुलना करताना केवळ रुग्णसंख्या पुरत नाही. मिरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्ये ८ लाखांवर गेली. वस्ती वाढली की सर्वच व्याधींचे रुग्ण वाढणार. म्हणून दुसऱ्या स्तंभास तिसऱ्याने भागून शेकडा प्रमाण काढावे; 'यूझिंग'नंतर कंसात तसे सूत्र लिहिता येते.

ऋतूंच्या सीमा कोणत्या धराव्यात, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा असे धरले, तर २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती सीमाच लांबली. शिवाय आपल्या किनाऱ्यावर पाऊस जूनमध्येच येतो; सुश्रुतोक्त प्रावृट् ऋतू येथे अधिक जुळतो. तेव्हा तारखा इंग्रजी ठेवून, त्या वर्षी पाऊस प्रत्यक्ष सुरू झाला त्या दिवशी 'सेट ॲरो'ने उभी रेषा काढावी, व श्रावणारंभी दुसरी. रुग्णांचे प्रमाण कोणत्या रेषेपासून चढू लागते, ते निदान तीन वर्षांच्या आलेखांवर पाहावे. ज्या व्यवसायबंधूंकडे जुन्या नोंदवह्या आहेत, त्यांना हे काम आजही आरंभता येईल.