पावसाळा आणि शासकीय संकेतस्थळे

आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. जून महिन्यात प्रवेश-अर्जाच्या रांगेत उभे असतानाही आमच्यात चर्चा चालते ती पेरणीची. प्रत्येकाच्या खिशात मोबाईल असतो आणि त्यावर कोठून तरी आलेला 'उद्या अतिवृष्टी'चा निरोपही असतो. तो कोणी लिहिला, कोणत्या जिल्ह्यासाठी आणि कोणत्या दिवसासाठी, याचा मात्र पत्ता नसतो. वस्तुतः ही सारी माहिती शासनाच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते. अडचण आहे ती माहिती वाचण्याची. मी मराठीचा विद्यार्थी. संगणकशास्त्राविषयी मी अधिकाराने काही सांगू शकत नाही. परंतु शब्दांचा अर्थ लावणे हा आपणा कला शाखेच्या मंडळींचा विषय आहे, आणि या संकेतस्थळांवर नेमके तेच काम पडून आहे.

प्रारंभ हवामान खात्यापासून करू. भारतीय हवामानशास्त्र विभाग १८७५ साली स्थापन झाला. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस जुने पुणेकर 'सिमला ऑफिस'च म्हणतात. या विभागाच्या संकेतस्थळावर जिल्हावार अंदाज आणि इशारे रोज प्रसिद्ध होतात. त्यात एक वाक्य वारंवार भेटते : 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता'. हे वाक्य ऐकून आमच्या गावात हमखास हशा पिकतो. तुरळकही आणि मुसळधारही, हे कसे? बोलीभाषेत तुरळक म्हणजे थोडेसे, विरळ. म्हणून लोक समजतात की पाऊस किरकोळ पडेल. खात्याच्या परिभाषेत मात्र 'तुरळक' हे विशेषण पावसाचे नसून ठिकाणांचे आहे. एखाद्या विभागातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी'. पावापेक्षा अधिक पण निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. त्यापुढे तीन-चतुर्थांशापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी'. 'मुसळधार' या शब्दाचा हिशेब निराळा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अति मुसळधार आणि त्याहूनही अधिक तो अत्यंत मुसळधार. म्हणजे ते हास्यास्पद वाक्य असे वाचावयाचे : थोड्याच गावांत पडेल, पण जेथे पडेल तेथे ओढ्याला पूर आणील. ओढ्याच्या पलीकडे ज्याची वस्ती आहे, त्याने हसण्यापूर्वी गुरे अलीकडे आणलेली बरी.

रंगांचीही तीच गत आहे. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा हे चार रंग म्हणजे पावसाला दिलेले गुण नव्हेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे हालचाल करा. 'रेड अलर्ट होता आणि आमच्याकडे ऊन पडले' अशी तक्रार करणाऱ्याने इशारा कोणत्या तारखेचा होता हेही पाहावे. शिवाय खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजला जातो. २० जूनच्या तक्त्यात दिसणारा पाऊस बहुतांशी १९ तारखेचा असतो.

आता पेरणीकडे वळू, कारण खरा पैसा येथे अडकलेला असतो. माझे चुलते आजही पंचांगात मृगाचे वाहन पाहतात. बेडूक की म्हैस यावर घरात वादही होतो. मला त्यात काही गैर वाटत नाही. मात्र वाहनावरून ओल किती खोल गेली हे कळत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी असतो. आपल्या भागात किती झाला हे राज्याच्या कृषी विभागाच्या 'महारेन' या संकेतस्थळावर महसूल मंडळापर्यंत पाहता येते. तालुक्याच्या सरासरीवर विसंबू नये. एका मंडळात धो धो आणि शेजारच्या मंडळात धूळ, हे आपण डोळ्यांनी पाहतो. पहिल्या सरीवर पेरून नंतर दुबार पेरणीची पाळी आली म्हणजे बियाण्याचा, खताचा आणि मजुरीचा खर्च दुसऱ्यांदा होतो, आणि आमच्यापैकी कित्येकांचे वर्षाचे शुल्क त्यातच गेलेले असते.

याच मंडळाचा आकडा पुढेही उपयोगी पडतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला म्हणजे नुकसानभरपाईच्या कामी महसूल खाते त्यास 'अतिवृष्टी' मानते. हवामान खात्याच्या लेखी तोच पाऊस नुसता 'मुसळधार' ठरतो. एकाच पावसाला दोन खात्यांत दोन नावे! पीक बुडालेच तर सात-बारावर पिकाची नोंद आहे की नाही, हा प्रश्न पहिला येतो. ती नोंद २०२१ पासून 'ई-पीक पाहणी'द्वारे शेतकऱ्याने मोबाईलवरून स्वतः करावयाची असते. घरातील वडीलधाऱ्यांना ते जमत नसेल तर मुदत संपण्यापूर्वी आपण करून द्यावी. त्यास पदवी लागत नाही.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यापासून ज्या आकड्याकडे सर्वांचे डोळे लागतात, तो उजनीचा. हा आकडा 'उणे' कसा होतो, याचे कोडे मला शाळेपासून होते. रिकाम्याहून रिकामे धरण कसे असेल? उत्तर असे की टक्केवारी एकूण पाण्याची नसून केवळ उपयुक्त साठ्याची असते. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. पैकी सुमारे ६३ टीएमसीहून अधिक हा मृतसाठा, आणि उरलेला सुमारे ५३ टीएमसी उपयुक्त. पाणी मृतसाठ्याच्या पातळीस आले की टक्केवारी शून्य होते, आणि त्याखालचे उपसू लागलो की उणे. उणे ५० टक्के म्हणजे धरणात अजून सुमारे ३७ टीएमसी पाणी असते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा याहीपेक्षा खाली गेला होता. जलसंपदा विभागाच्या तक्त्यात दोन्ही स्तंभ शेजारी शेजारी असतात. आपण एकच वाचतो.

पावसाळ्यात मग उलट चिंता सुरू होते. विसर्ग क्युसेकमध्ये देतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला तर एक टीएमसी पाणी खाली जाते. नदीकाठच्या माणसाने यासोबत पाहावयाच्या त्या दोन रेषा, इशारा पातळी व धोका पातळी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ त्या ४० आणि ४५ फूट आहेत, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ आणि ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीस कृष्णा ५७ फुटांच्याही वर गेली. केंद्रीय जल आयोगाच्या पूर-अंदाज संकेतस्थळावर ठिकठिकाणच्या पातळ्या दिसतात. नुसती पातळी पाहून उपयोग नाही. दोन-तीन तासांनी पुन्हा पाहून ती चढती की उतरती हे ठरवावे.

बनावट संकेतस्थळांविषयी थोडेसे. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' अथवा 'एनआयसी डॉट इन' असेल तर ते शासनाचे, ही साधारण खूण आहे. मात्र राज्य कृषी पणन मंडळाचे बाजारभावाचे संकेतस्थळ 'डॉट कॉम'ने संपते आणि तेही खरेच आहे. तेथे कांद्याचा भाव पाहताना कमाल दराला भुलू नये. तो एखाद्या निवडक वक्कलाचा असू शकतो. गाडी भरावी की नाही हे 'सर्वसाधारण' या स्तंभावरून ठरवावे.

या संकेतस्थळांवर रागावण्यासारखेही पुष्कळ आहे. ऐन पावसात ती उघडत नाहीत, आणि मराठी पान अनेकदा इंग्रजीच्या मागे रखडते. जेथे मराठी असते तेथे ती अशी की शेतकऱ्याने कोश घेऊन बसावे.

मराठी वाङ्मय मंडळापुढे मी एक सूचना ठेवली आहे. येत्या जूनपासून ग्रंथालयाबाहेरील फळ्यावर रोज दहा वाजता तीन ओळी लिहाव्यात : आपल्या मंडळाचा पाऊस, उजनीचा साठा एकूण व उपयुक्त असा दोन्ही, आणि हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा सोप्या मराठीत. लिहिण्याचे काम तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्याच्या पाळीने करावे. खडूची व्यवस्था ग्रंथपालांनी मान्य केली आहे.